अणुकचरा सह्याद्रीत पुरला तर काय बिघडेल?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वाशीला राहतो, मेट्रोच्या पाइलिंगवर साइट इंजिनियर आहे, खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, तर या अणुकचऱ्याचं शेवटी करतात तरी काय? एवढा सह्याद्री पडलाय, पारसिकच्या डोंगरात नाहीतर माळशेजकडे ५०० मीटर खाली बोगदा मारून जाड काँक्रीटमधे गाडून टाकला तर विषय संपला ना? आणि लाख वर्षांची गॅरंटी कोण देणार? शिवाय माझ्यासारख्याला या लाइनमधे काही काम आहे का?

साइटवरच्या माणसाने विचारलंय म्हणून जरा खोलात लिहितो. मी अणुभट्टीवाला नाही. माझी सगळी नोकरी खडकातल्या पाण्यामागे गेली, बोगदे, धरणांचे पाये, कच्च्या तेलाच्या भूमिगत गुहा, आता नेरुळला घरी बसून थोडंफार कन्सल्टिंग करतो. पण या विषयात अणूचा भाग तसा लवकर संपतो आणि मग खडक नि पाणी एवढंच उरतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना बोलावणं येतंच.

सध्या काय चालतं ते पटकन सांगतो. कमी किरणोत्सारी कचरा, म्हणजे हातमोजे, फिल्टर, पाइपचे तुकडे, गाळ वगैरे, तो घट्ट करून प्लांटच्याच आवारात जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चरांमधे नाहीतर टाइल होलमधे, म्हणजे जमिनीत उभ्या पुरलेल्या नळ्यांमधे, ठेवतात. खरा जड मामला वापरलेल्या इंधनाचा. आपल्याकडे ते इंधन तसंच पुरत नाहीत, रिप्रोसेस करून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतात आणि जे अति-किरणोत्सारी द्रव उरतं ते बोरोसिलिकेट काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात. हे डबे तारापूरला हवेने थंड होणाऱ्या व्हॉल्टमधे काही दशकं ठेवायचे, उष्णता उतरेपर्यंत. हल्ली तर त्या द्रवातून सीझियम वेगळं काढून रक्त इरॅडिएट करायच्या मशिनसाठी काचेच्या पेन्सिली बनवतात. म्हणजे शेवटी पुरायला उरतं ते कमी, पण उरतं. खोल भूमिगत साठवण आपल्याकडे अजून नाही. ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १ किलोमीटर खोलीवर, बंद पडलेल्या भागात हीटर लावून गरम झाल्यावर खडक कसा वागतो याचा प्रयोग मात्र आठेक वर्षं चालवला होता.

आता तुमचं जाड काँक्रीट. तुम्ही ज्या पिअरचं काम करताय त्याचं डिझाइन लाइफ १०० वर्षं धरलेलं असेल आणि तेवढं टिकवायला सुद्धा खाडीच्या हवेत काय काय करावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे हिशोब वेगळाच आहे. सीझियम-१३७ ची अर्ध-आयु, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांत ते हजारावा हिस्सा होतं, तिथपर्यंत माणसाच्या हातचं बांधकाम कसंबसं पोचेल. पण प्लुटोनियम-२३९ ची २४ हजार वर्षं आणि आयोडिन-१२९ ची दीड कोटीच्या वर. या टोकाला काँक्रीट म्हणजे चुन्याचं पाणी सोडणारा एक दगड एवढीच त्याची किंमत. आणि ते चुन्याचं पाणीच नडतं, ते पुढे येईल.

पुरलेला कचरा स्वतः चालत वर येत नाही. त्याला वर आणणारं वाहन एकच, पाणी. म्हणून सगळं डिझाइन पाण्याभोवती फिरतं. गंमत बघा, विशाखापट्टणम, मंगळूर, पादूरला देशाचं कच्चं तेल ज्या गुहांत ठेवलंय त्यांना आतून अस्तर नाही, उलट वरून बोअरच्या रांगा मारून मुद्दाम पाण्याचा दाब ठेवतात, पाणी सतत आत झिरपत राहतं म्हणून तेल बाहेर जात नाही आणि आत आलेलं पाणी पंपाने काढून टाकतात. हे तंत्र उत्तम चालतं, पंप चालू आहे तोवर. अणुकचऱ्याला पंप चालणार नाही, शटर ओढून निघून गेल्यावर शंभर वर्षांनी तिथे वीजबिल भरणारा कोणी असेल हे धरताच येत नाही. म्हणून जिथे पाणी मुळातच हलत नाही असा खडक शोधायचा, आणि आपल्या खणण्याने तो बिघडवायचा नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागातच खरी इंजिनियरिंग आहे.

खडकातून पाणी जातं ते भेगांतून. भेग दुप्पट रुंद झाली तर पाणी दुप्पट नाही, आठपट जातं, रुंदीच्या घनाच्या हिशोबात वाढतं ते. त्यामुळे हजार बारीक भेगा चालतील पण एक मोठी नको. आता सह्याद्रीकडे या. पावसाळ्यात माळशेजला गाडी बाजूला लावून कड्याकडे नीट बघा, धबधबे वरून पडतातच, पण कड्याच्या मधोमध आडव्या रेषा दिसतील आणि त्या रेषांवरून वेगळं पाणी झिरपत असतं. ते लाव्हाच्या दोन थरांमधले सांधे. एक लाव्हा आला, थंड झाला, वरचा भाग फेसाळ, पोकळ्यांचा, मग कुठे लाल गेरूसारखा थर, त्यावर पुढचा लाव्हा. शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही बोअरवाल्याला विचारा, काळ्या पाषाणात तो निराश असतो आणि मांजऱ्या, म्हणजे तो पोकळ्यांचा खडक, लागला की त्याचा चेहरा खुलतो, कारण पाणी तिथेच लागतं. त्याला जे हवंय ते आपल्याला नकोय. शिवाय उभ्या डाइक आहेत, म्हणजे थर कापत गेलेल्या लाव्हाच्या भिंती, त्यांच्या कडेने पुन्हा भेगा.

आणि या सगळ्याला ढकलणारं इंजिन पण जबरदस्त. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर कडे, खाली समुद्रसपाटी, म्हणजे पाण्याला खाली जायला दाब आणि बाहेर पडायला वाट दोन्ही तयार. वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोलीची गरम कुंडं तुम्ही पाहिली असतीलच. तिथे खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही, पावसाचंच पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. अशी कुंडं पालीजवळच्या उन्हेऱ्यापासून थेट राजापूरपर्यंत कोकणात रांगेने आहेत. खोल गेलेलं पाणी परत वर येतं याचा एवढा उघड पुरावा समोर असताना त्या पट्ट्यात ५०० मीटरवर कचरा पुरा म्हणणाऱ्याला मी दोन पानांच्या वर रिपोर्ट लिहिणार नाही.

बेसॉल्ट, म्हणजे हा लाव्हाचा काळा पाषाण, सरसकट बाद असंही नाही हं. अमेरिकेने वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला कोलंबिया नदीच्या बेसॉल्टचा बराच अभ्यास केला होता, आपल्या दख्खनसारखाच थरांचा. १९८७ मधे त्यांच्या संसदेने फक्त नेवाडातल्या युक्का माउंटनवर काम करायचं ठरवलं आणि हॅनफर्ड यादीतून गेलं. त्यात राजकारण भरपूर होतं, आणि पुढे युक्का माउंटनही बारगळलंच.

भूकंपाचं लोक फार धरून बसतात, २०१८ पासूनचे पालघर-डहाणूचे हादरे, १९६७ चं कोयना. खोलीवर हलणं पृष्ठभागापेक्षा कमी असतं, बोगदे इमारतींपेक्षा बरे टिकतात. भीती हादऱ्याची कमी, नेमकी डब्यावरून जाणारी भेग सरकण्याची जास्त. ते कसं हाताळतात ते पुढे, डबे ठेवायच्या भोकांच्या गोष्टीत येतंच.

मग चांगला खडक कसा? फिनलंडचं ओल्किलुओटो घ्या, पोसिव्हा कंपनीचं ओंकालो, म्हणजे वापरलेलं इंधन पुरायची खोल साठवण, तिथे आहे. खडक १८० कोटी वर्षांहून जुना, जमीन सपाट, समुद्र शेजारी. समुद्र शेजारी ऐकून लोक दचकतात, पण जमीन सपाट असली की पाण्याला ढकलणारा उतारच नसतो. खोल गेलं की तिथलं पाणी खारट होत जातं, जड होऊन बसलेलं असतं, वरच्या गोड्या पाण्यात मिसळत नाही. आम्ही अशा ठिकाणी पाण्याचा खारटपणा, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू), वय हे बघतो, पाणी जितकं म्हातारं तितके आम्ही खुश. जर्मनी-अमेरिकेत मिठाचा खडक बघितला, मीठ दाबाखाली हळूहळू सरकून पोकळी स्वतःच बंद करतं. फ्रान्समधे ब्युरला आणि स्वित्झर्लंडमधे चिकणमातीचा खडक, त्यात पाणी वाहत नाहीच जवळजवळ, कण फक्त डिफ्युजनने, म्हणजे आपोआप पसरत, सरकतात आणि एक मीटर जायला हजारो वर्षं घेतात.

आता प्रत्यक्ष डिझाइन. फिनलंडची पद्धत मुळात स्वीडनची आहे. वापरलेलं इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात, त्यावर ५ सेंटीमीटर जाड तांब्याचा डबा, जवळपास ५ मीटर उंच, व्यास १.०५ मीटर, भरल्यावर २५ टनांच्या घरात. ४००-४३० मीटर खोलीवर बोगदे, बोगद्याच्या तळाला उभी भोकं, साधारण ८ मीटर खोल आणि १.७५ मीटर व्यासाची. डब्याभोवती जे ३५ सेंटीमीटर उरतं त्यात बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती. हो, तुमच्या पाइलिंगच्या टाकीतलं तेच बेंटोनाइट, फक्त तुम्ही त्याची स्लरी करता आणि इथे ते प्रचंड दाबाने ठोकून विटा-कड्या करून बसवतात. हळूहळू पाणी आलं की ते फुगतं, जसा घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत टाकलेला साबुदाणा, फुगायला जागा नाही म्हणून सगळीकडून दाबतं, सांधे गायब होतात. मग त्यातून पाणी वाहू शकत नाही. तेवढं दाट ठेवलं तर जिवाणूंनाही आत जगायला जागा राहत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण ऑक्सिजन संपल्यावर तांब्याला खाणारी गोष्ट म्हणजे सल्फाइड आणि ते काही जिवाणू बनवतात.

इथे तुमचं काँक्रीट आडवं येतं. साध्या सिमेंटचं पाणी साडेबारा-तेराच्या पीएचचं, ते बेंटोनाइटची फुगण्याची ताकद मारतं. म्हणून ओंकालोत खोल भागात भेगा बुजवायला कमी पीएचचं वेगळं ग्राउट वापरलं, सिलिका घातलेलं. साइटवर कोणी म्हणालं की पाणी येतंय, चार बॅगा जास्त मारा आणि पुढे चला, तर त्या एका वाक्याने हजारो वर्षांचा हिशोब बिघडतो. बोगद्यात आत गेलेलं सगळं लिहून ठेवतात, डिझेल, रबर, शॉटक्रीट, बोल्ट, सगळं.

उष्णता दुसरी अडचण. बेंटोनाइट १०० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून स्वीडिश डिझाइनमधे एका डब्याची उष्णता १७०० वॉटपर्यंत मर्यादित आणि डबे ६ मीटर किंवा जास्त अंतरावर, बोगदे ४० मीटर अंतरावर. जागा किती लागणार हे कचऱ्याच्या घनफळावर ठरत नाही, उष्णतेवर ठरतं. इंधन वर जितकी वर्षं थंड होऊ द्याल तितकं खाली कमी खणावं लागतं, म्हणूनच तारापूरचं ते दशकं-दशकं ठेवणं म्हणजे टाळाटाळ नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. प्रत्येक भोक पाडल्यावर त्याची परीक्षा होते. माणूस आत उतरून, कॅमेऱ्याने, भिंतीवरची प्रत्येक भेग नकाशावर घेतात. एखादी भेग भोकाचा पूर्ण घेर कापून जात असेल तर भोक रद्द, कारण पूर्ण घेर कापणारी भेग बहुतेक मोठी असते आणि मोठी भेग भूकंपात सरकू शकते. डबा ५ सेंटीमीटर सरकणं सोसेल असा केलाय, त्याहून जास्त सरकू शकेल अशी भेग नकोच. पाणी मिनिटाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त येत असेल तरी रद्द, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढं पाणी मिनिटाला आलं तरी लाखोंच्या खर्चाचं भोक मातीने भरून टाकायचं. पहिल्यापासून काही टक्के भोकं वाया जाणार असं धरूनच आराखडा मोठा केलेला असतो. माझ्या मते अशा प्रकल्पाची सुरक्षितता इथे तपासावी, तिथे कोणाला "हे नको" म्हणायची परवानगी आहे का आणि म्हटल्यावर शेड्यूलवाला काय करतो. आपल्या इन्फ्राच्या कामांत प्रोग्रेस रिपोर्टला रद्द भोकांचा कॉलमच नसतो.

नकार दिला नाही की काय होतं याची दोन उदाहरणं आहेत. जर्मनीची आस्से, जुनी मिठाची खाण, खाणकाम संपलेलं, पोकळ्या तयार होत्या, स्वस्तात जागा मिळाली म्हणून घेतली. १९६७ ते १९७८ मधे सव्वा लाखाच्या वर पिंपं ठेवली, सुरुवातीला रचून आणि पुढे पुढे तर लोडरने ढकलून. खाणीच्या कडेला मीठ पातळ राहिलं होतं, तिथून पाणी यायला लागलं, दिवसाला १२ हजार लिटरच्या आसपास. आता ती पिंपं परत वर काढायचा कायदा २०१३ मधे झाला, आणि ढकललेली पिंपं काढणं म्हणजे काय ते तुम्ही कल्पना करा.

दुसरं अमेरिकेतलं, न्यू मेक्सिकोतली डब्ल्यूआयपीपी ही खोल साठवण. इथे खडक उत्तम, ६५५ मीटर खाली मीठ, १९९९ पासून चालू. फेब्रुवारी २०१४ मधे आधी एका ट्रकला आग लागली आणि नऊच दिवसांनी एक पिंप फुटलं. ते पिंप लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलेलं, त्यात नायट्रेटची मीठं होती आणि द्रव शोषायला जी मातीची पूड घालायची त्याऐवजी गव्हापासून बनलेली मांजराच्या पेटीतली पूड घातली होती. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ, तापलं आणि फुटलं. वरच्या कामगारांना अगदी थोडा संसर्ग झाला, पण जागा जवळपास तीन वर्षं बंद. खडकाने काही चूक केली नव्हती. गेटवर ते पिंप परत पाठवणारा कोणी नव्हता.

गॅरंटीबद्दल. लाख वर्षांची गॅरंटी कोणीच देत नाही, देणारा भेटला तर त्याला कामावर ठेवू नका. जे करतात ते असं: डबा पहिल्याच दिवशी भोक पडलेला होता असं धरा, बेंटोनाइट धुऊन गेलं धरा, कोणीतरी हजार वर्षांनी नकळत वरून बोअर मारला धरा, आणि प्रत्येक वेळी वर राहणाऱ्या माणसाला किती डोस मिळेल ते काढा. फिनलंडमधे मर्यादा वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या डोसचं माप). निसर्गातून जगात सरासरी माणसाला २.४ मिळतात. हे हिशोब करताना एक गोष्ट सगळ्यांना चकवते, प्लुटोनियम फारसं दिसतच नाही. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते विरघळत नाही आणि चिकणमातीला चिकटून बसतं. पळतं ते आयोडिन-१२९, ऋण प्रभाराचं, मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर निघतं.

आणि हिशोब बरोबर आहे का हे तपासायला निसर्गाने जुने प्रयोग ठेवलेत. आफ्रिकेत गॅबॉनमधे ओक्लोला सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुभट्टी पेटली होती, १९७२ मधे कळलं, आणि तिथे तयार झालेले बरेच पदार्थ अजून जागच्या जागी सापडले. कॅनडात सिगार लेकचं युरेनियम १३० कोटी वर्षं साडेचारशे मीटर खाली मातीच्या आवरणात आहे, वर मोजलं तर पत्ताच लागत नाही. तांब्यावर मात्र वाद झाला, २०१८ मधे स्वीडनच्या पर्यावरण न्यायालयाने तांबं खरंच टिकेल का यावर शंका काढून आणखी पुरावा मागितला, मग जास्तीचे कागद आले आणि २०२२ ला सरकारने परवानगी दिली. मला हे फार निरोगी वाटतं.

राहता राहिला तुमच्या कामाचा प्रश्न. आपल्याकडे खोल साठवण लगेच होणार नाही, सरकारनेही संसदेत सांगितलंय की रिप्रोसेसिंगमुळे कचरा कमी असल्याने जवळच्या काळात गरज नाही. पण त्याला लागणारं कौशल्य तेच आहे जे ठाणे-बोरिवलीच्या बोगद्यात किंवा खाडीखालून जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या बोगद्यात लागतं. भेगा मोजायला शिका, नुसता आरक्यूडीचा (काढलेल्या खडकात अखंड तुकडे किती टक्के) आकडा टाकून मोकळे होऊ नका, भेगेचा कल, दिशा, आत काय भरलंय, झिओलाइट आहे की माती, ओली आहे का, हे लिहा. पॅकर लावून, म्हणजे बोअरचा एक तुकडा रबरी बुचाने बंद करून, लुजॉन टेस्ट (दाबाने पाणी सोडून खडक किती पितो ते मोजणं) स्वतः उभं राहून घ्या, पाच पायऱ्यांचा दाब वर नेऊन खाली आणताना पाणी वाढलं की कमी झालं हे बघितल्याशिवाय सही करू नका, वाढलं असेल तर तुमच्याच दाबाने भेग उघडली किंवा धुतली गेली. बोअर लॉगमधे "पाणी नाही" लिहायच्या आधी भोक किती तास उघडं ठेवून बघितलं ते शेजारी लिहा. आणि काम झालं की बोअर नीट बुजवा, वरून चार घमेली माती टाकून नाही, खालपासून ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या पाइपने, ग्राउट करत, कारण न बुजवलेला बोअर म्हणजे आपणच पाण्याला करून दिलेली सरळ वाट, आणि साइट निवडताना जुने असे बोअर सापडले की आम्ही पहिला काट तिथेच मारतो.